डि'सोझांचा अपॉस्ट्रॉफी: वाचनालयाच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीच्या नोंदी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आमचं गावचं वाचनालय. अकरा हजार पुस्तकं, ६४० सभासद, एक पगारी ग्रंथपाल बाई आणि शनिवार-रविवारचा फुकटचा मी. देवघेवीचं सॉफ्टवेअर आठ वर्षांपूर्वी खुल्या स्रोताचं म्हणून नेटवरून उतरवलेलं, पीएचपी (वेबसाइट लिहायची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांतलं. गावातल्या एका कॉलेजकुमाराने त्यात मराठी आणि पावत्यांची पानं घातली, आणि तो नोकरीला बाहेर गेला. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम देत नाही. ते अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहे आणि भोकं तशीच आहेत.

७ जून २०२५, शनिवार

सकाळी बाईंचा फोन. "सर, गूगलवर आमचं वाचनालय शोधलं की खाली जपानी अक्षरं येतात. घड्याळं विकतोय आपण."

मी साइट उघडली तर सगळं ठीक. मग ब्राउझरची ओळख बदलून गूगलच्या रोबोचं सोंग घेतलं, तेव्हा घड्याळांचं दुकान दिसलं. माणसाला एक पान आणि रोबोला दुसरं, त्यामुळे हे किती महिने चाललं होतं ते कळायला मार्ग नाही.

पुस्तकांच्या मुखपृष्ठांच्या फोल्डरमध्ये दोन हजारांवर चित्रं आणि त्यांत दडलेल्या तीन पीएचपी फाइली. मी रागाच्या भरात तिन्ही उडवल्या. दोन तासांनी तिन्ही परत हजर! होस्टिंगच्या वेळापत्रकात कोणीतरी क्रॉनची एक ओळ घालून ठेवली होती, ती दर तासाला त्या नव्याने आणत होती.

पहिली चूक हीच. उडवण्याआधी जशाच्या तशा उचलून ठेवायला हव्या होत्या. मूळ फाइलींची तारीख गेली, आणि त्या तारखेवरून लॉगमध्ये (साइटवर कोण कधी आलं याच्या सर्व्हरच्या नोंदींत) शोधायची संधीही गेली. तसे लॉगही सातच दिवसांचे निघाले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलं आहे. आमच्या पॅनेलमध्ये तो आकडा वाढवायची सोय होती, कोणी हात लावला नव्हता.

८ जून, रविवार

साइट बंद करून तिथे एक साधं पान ठेवलं: "दुरुस्ती चालू आहे, पुस्तकं वहीवर मिळतील." सगळ्याची झिप करून लॅपटॉपवर घेतली. (या झिपकडे लक्ष ठेवा, पुढे येणार आहे.)

मूळ प्रकल्पाच्या सार्वजनिक कोठारातून आमचीच आवृत्ती उतरवली आणि दोन्ही फोल्डर एकमेकांशी ताडून पाहिले. १४ फाइलींत फरक, त्यांतल्या अकरा आमच्या कॉलेजकुमाराच्या, तीन पाहुण्याच्या. कोड वाचत बसण्यापेक्षा हे दहापट लवकर होतं. ज्यांना असं घर झाडायचं आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

त्याच कोठारात तक्रारींचं सदर आहे. २०१९ मध्ये कोणीतरी लिहून ठेवलं होतं की मुखपृष्ठ चढवायच्या पानावरून पीएचपी फाइलही चढते. खाली उत्तर नाही. शेवटचा बदल २०१७ चा. खुला स्रोत म्हणजे चार डोळ्यांखालून गेलेलं, असं मी समितीला आठ वर्षं सांगत होतो. कोणीतरी खरंच पाहिलं होतं, ओरडूनही सांगितलं होतं. घरात कोणी नव्हतं.

१४ जून, शनिवार

मुखपृष्ठ चढवायचं पान. कोड तपासत होता, पण काय? ब्राउझर सांगेल तो फाइलचा प्रकार. ब्राउझर चढवणाऱ्याच्याच हातात, त्यामुळे तो "चित्र आहे" म्हणाला की चित्र.

आता चार गोष्टी केल्या. फाइलच्या नावाला जेपीजी आणि पीएनजी सोडून दुसरं शेपूट (एक्स्टेन्शन) नाही. फाइलच्या आतले बाइट पाहून प्रकार ठरवणं. चित्र जीडी या पीएचपीच्या चित्र-लायब्ररीत उघडून नव्याने साठवणं, म्हणजे आत चिकटवलेलं काही सोबत येत नाही. आणि फाइलचं नाव आपण ठरवायचं, चढवणाऱ्याने नाही.

पाचवी गोष्ट करताना तोंडावर आपटलो. त्या फोल्डरात पीएचपी चालूच नये म्हणून एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (फोल्डरापुरते सर्व्हरचे नियम ठेवणाऱ्या फाइलीत) पीएचपीचं इंजिन बंद करायची ओळ घातली. जुन्या लेखांत सगळीकडे हीच सापडते. फोल्डरातली सगळी मुखपृष्ठं गायब, प्रत्येक चित्राला ५००, म्हणजे सर्व्हरची चूक. ती ओळ फक्त अपाची या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या पोटात पीएचपी मॉड्यूल म्हणून बसलेलं असेल तेव्हाच कळते, आमच्याकडे पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपी बाहेर वेगळं चालणारं. तीन तास गेले. शेवटी पीएचपी शेपटाच्या फाइलींना सरळ मनाई करणारा नियम लिहिला.

संध्याकाळी नाट्यमंडळाने दिलेलं जुन्या पोस्टरचं स्कॅन चढवून पाहिलं तर पान कोरं. ६००० बाय ८००० पिक्सेल. जीडीला पिक्सेलमागे चार बाइट धरले तरी १९२ एमबी लागतात, मर्यादा १२८. आता आधी लांबी-रुंदी वाचतो, मोठं असेल तर नम्रपणे परत.

१५ जून, रविवार

हा दिवस नीट लिहितो.

वाचनालयाच्या सभासद-वहीच्या पहिल्या पानावर बाईंच्या तांबड्या शाईतली सूचना आहे: "नावात वरचा स्वल्पविराम टाकू नये. कॉम्प्युटर बंद पडतो." मी ती कितीदा पाहिली असेल. आज विचारलं, "बाई, हे कुठलं?"

"ते डि'सोझा, डि'मेलो असतात ना, सर. आधारवर इंग्रजीत नाव असतं, वर टिंब देऊन. तसं लिहिलं की लाल अक्षरं येतात. म्हणून आम्ही टिंब काढतो."

ती लाल अक्षरं मायएसक्यूएलची तक्रार होती. सॉफ्टवेअर नाव उचलून सरळ एसक्यूएलच्या (डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेच्या) वाक्यात चिकटवत होतं. नावातलं ते चिन्ह आलं की वाक्यातलं अवतरण तिथेच मिटतं, आणि पुढचा "सोझा" आज्ञा म्हणून वाचला जातो. सोझाच्या जागी कोणी खरोखरची आज्ञा लिहिली तर तीही वाचली जाणार. मराठी नावांत आणि पुस्तकांच्या शीर्षकांत हे चिन्ह येत नाही, म्हणून देवनागरीच्या आडोशाने हे भोक आठ वर्षं झाकलेलं राहिलं. गोव्यात नसतो तर कदाचित कळलंही नसतं.

खात्री म्हणून लॅपटॉपवरच्या नकलेत प्रवेशाच्या पानावर नावाच्या जागी ते चिन्ह आणि पुढे नेहमी खरी ठरणारी अट लिहिली. पासवर्ड न देता बाईंच्या खात्यात शिरलो. बाई मागे उभ्या होत्या. "कितें जालें?" म्हणाल्या. गोंधळल्या की त्या कोंकणीवर येतात.

कोडमध्ये शोध घेतला तर अशी ८३ वाक्यं.

२१ आणि २२ जून

८३ वाक्यं पीडीओ या पीएचपीच्या नव्या डेटाबेस-जोडणीवर नेली, म्हणजे वाक्य वेगळं जातं आणि मूल्यं वेगळी. जुनी मायएसक्यूएल फंक्शनं पीएचपी ७.० मध्येच काढून टाकली आहेत, त्यामुळे हे कधीतरी करायचंच होतं. लॅपटॉपवर आधी पीएचपी ७.४ ठेवलं, एकदम ८.३ वर उडी मारली असती तर कुठली चूक कुणाची ते कळलं नसतं.

पहिला फटका: सगळी मराठी गेली. प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए आणि चलनाची चिन्हं. जुनी जोडणी स्वतःला लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांचा जुना संच) म्हणवत होती आणि तिच्यातून यूटीएफ-८ चे (सगळ्या लिप्या सामावणाऱ्या संचाचे) बाइट आत-बाहेर जात होते. आत जाताना बिघडायचं, बाहेर येताना तसंच उलटं बिघडून बरोबर दिसायचं. मी नव्या जोडणीला खरं सांगितलं की ही यूटीएफ-८ आहे, आणि आठ वर्षांचं खोटं उघडं पडलं. उपाय: डंप (डेटाबेसची पूर्ण नक्कल) लॅटिन-१ म्हणूनच काढायचा, फाइलीतला अक्षरसंचाचा उल्लेख काढून टाकायचा आणि यूटीएफ-८ एमबी-४ म्हणून परत भरायचा. लिहायला दोन ओळी, करायला रविवार. मधे पावसाने तीनदा वीज नेली.

दुसरा: शोधाचे निकाल दहा-दहा दाखवणारी मर्यादा अवतरणात बसून चालली, मायएसक्यूएलने नाकारली. पूर्णांक म्हणून बांधल्यावर सुटलं. तिसरा: "लेखकानुसार लावा, वर्षानुसार लावा" यात स्तंभाचं नाव बाहेरून येतं, आणि स्तंभाचं नाव मूल्यासारखं बांधता येतच नाही. तिथे पाच नावांची यादी ठेवली. यादीत असेल तर घ्यायचं, नसेल तर शीर्षकानुसार.

२३ जून, सोमवार

कालचाच कोड बसमध्ये वाचला आणि अंगावर काटा आला. एकदम अनेक पुस्तकं बाद करायच्या पानावर मी चौकटींच्या यादीतून जागाधारकांची (वाक्यात मूल्य बसायच्या जागांची) नावं बनवली होती, आणि त्या नावांत यादीच्या किल्ल्या (प्रत्येक नोंदीची खूण) वापरल्या होत्या. किल्ल्याही ब्राउझरकडूनच येतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये द्रुपल ७ हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर नेमकं इथेच फुटलं होतं: मूल्यं सुरक्षित बांधणाऱ्या थरातच, यादीच्या किल्ल्यांमधून. १५ ऑक्टोबरला दुरुस्ती आली, आणि पुढे त्यांच्याच सुरक्षा-चमूने सांगितलं की सात तासांच्या आत ज्यांनी ती लावली नाही त्यांनी आपली साइट फुटलीच असं धरून चालावं. मी ती गोष्ट कॉलेजच्या पोरांना सांगत असतो. सांगणं वेगळं.

किल्ल्या टाकून दिल्या, स्वतःचे आकडे वापरले. वीस मिनिटं.

२८ जून, शनिवार

पासवर्ड. साधे एमडी-५ हॅश (पासवर्डवरून काढलेला सांकेतिक ठसा), मीठ, म्हणजे प्रत्येकाची वेगळी यादृच्छिक भर, नाही. बहुतेकांचा पासवर्ड स्वतःचा मोबाइल नंबर, म्हणजे हॅश आणि नंबर एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी.

सभासदांना वाट न बघायला लावता करायचं म्हणून आहे त्या एमडी-५ वरच बीक्रिप्ट हा मजबूत हॅश चढवला. पुढच्या वेळी माणूस आत आला की खऱ्या पासवर्डचा ताजा हॅश. स्क्रिप्ट चालवली, सुखाने चहा घेतला. मग कोणालाच आत जाता येईना. पासवर्डचा स्तंभ ३२ अक्षरांचा, बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा. जुन्या होस्टिंगशी जुळावं म्हणून मायएसक्यूएलचा कडक मोड (न मावणारी माहिती नाकारणारा) मी बंद ठेवला होता, त्यामुळे मायएसक्यूएलने मुकाट्याने निम्मा हॅश कापून टाकला. ६४० च्या ६४०. नक्कल होती म्हणून निभावलं. स्तंभ २५५ चा केला, कडक मोड चालू केला, आणि तो चालू केल्याबरोबर आणखी चार ठिकाणी कापाकापी चालली होती ती दिसली.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपास, त्यामुळे दुपारी भाचा लॅपटॉपशी खेळत बसला. अकरावीत आहे. पावतीचं पान उघडून पत्त्यातल्या ४१२ चं ४१३ केलं. दुसऱ्याची पावती: नाव, पत्ता, फोन, वर्गणी.

मी हुशारी करून पावतीला लांबलचक यादृच्छिक क्रमांक द्यायला निघालो. भाचा म्हणाला, "मामा, पण कोणी लिंक फॉरवर्ड केली तर?" बरोबर. क्रमांक लपवणं हा उपाय नव्हे, पावती कुणाची आहे हे विचारणं हा उपाय. आता पावती शोधतानाच "आणि सभासद हाच" ही अट. ओवास्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या धोक्यांच्या २०१७ च्या यादीत हा प्रकार पाचवा होता, २०२१ मध्ये पहिला. एसक्यूएल शोधायला साधनं आहेत. कोणी कोणाची पावती बघावी हे साधनाला कसं कळणार?

मग व्यवस्थापकाची पानं तपासली. प्रत्येक पानाच्या वर ओळ आहे: प्रवेश केलेला नसेल तर प्रवेशाच्या पानावर पाठवा. ब्राउझरमध्ये ती चालते. कमांड-लाइनवरून तेच पान मागितलं तर "तिकडे जा" या निरोपाबरोबर खाली सभासदांची पूर्ण यादीही आली! पाठवून दिल्यावर स्क्रिप्ट थांबवायची आज्ञाच लिहिली नव्हती. ब्राउझर निरोप वाचून लगेच निघून जातो म्हणून आपल्याला दिसत नाही, सर्व्हर मात्र पुढचं सगळं इमानदारीत करतो. नऊ पानं अशी, त्यांत सभासद काढून टाकायचं पानही. एकेक शब्दाच्या नऊ दुरुस्त्या. सगळ्या कामातलं सर्वांत मोठं भोक मला हेच वाटतं. आणि ते मूळ सॉफ्टवेअरमधलं नव्हे, आमच्या कॉलेजकुमाराच्या पानांतलं. त्याला तेव्हा शाबासकी मीच दिली होती.

१३ जुलै

अभिप्रायांच्या पानावर कोणी स्क्रिप्ट लिहिली तर ती पुढच्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालायची. आधी मी साठवतानाच एचटीएमएलची (वेबपानाच्या भाषेची) खास चिन्हं निकामी केली, म्हणजे त्यांच्या जागी सांकेतिक अक्षरं घातली, मग दाखवतानाही केली. दोनदा झाल्यावर अवतरणांच्या जागी पानभर कचरा. साठवताना मजकूर आहे तसा ठेवायचा आणि जिथे दाखवायचा तिथल्या नियमाने निकामी करायचा, यावर स्थिरावलो.

मग नव्या पुस्तकांच्या यादीत काही शीर्षकं कोरी. फक्त लांब, फक्त मराठी. कोड शीर्षक ५० बाइटांवर कापत होता. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं. ५० ला तीनने भाग जात नाही, म्हणून शेवटचं चिन्ह अर्धं तुटायचं. तुटका बाइट दिसला की ७.४ मधलं चिन्हं निकामी करणारं फंक्शन अख्खी ओळच रिकामी परत करतं. (८.१ पासून तुटक्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो.) अक्षर मोजून कापणारं फंक्शन लावलं तर काना-मात्रा गळून "कोकिळा"चा "कोकि" व्हायच्या जागी "कोक" व्हायला लागला, म्हणून शेवटी ग्राफीमवालं, म्हणजे अक्षर आणि त्याची काना-मात्रा एकच धरणारं, लावलं.

२० जुलै

झॅप नावाचं तपासणीचं खुलं साधन नकलेवर सोडलं, व्यवस्थापक म्हणून प्रवेश देऊन. ते पानावरची प्रत्येक लिंक दाबत जातं. आमच्याकडे "पुस्तक काढा" ही साधी लिंकच होती. जेवून आलो तर ग्रंथसंग्रहात ३१ पुस्तकं शिल्लक.

सगळी काढायची-बदलायची कामं फॉर्मवर नेली, प्रत्येक फॉर्मला टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला हे ओळखायची खूण). नक्कल परत भरली. हे साधन चालू साइटवर कोणी सोडू नका, आणि दुसऱ्याच्या साइटवर तर मुळीच नाही.

२ ऑगस्ट

जुनी सामग्री: पीएचपीमेलर ही मेल पाठवायची लायब्ररी, ५.२.१८ च्या आधीची, म्हणजे डिसेंबर २०१६ ला जाहीर झालेल्या भोकासकट. ब्राउझरमधल्या कोडची लायब्ररी जेक्वेरी १.८. दोन्ही बदलली. पीएचपी ८.३ वर नेलं, दोन संध्याकाळी.

जुनं होस्टिंग रिकामं करताना सार्वजनिक फोल्डरात एक झिप दिसली. ८ जूनची. माझीच. साइट बंद केली त्या दिवशी बनवून उतरवली आणि तिथेच विसरलो. आठ आठवडे ती जगाला खुली होती, आत सगळा डेटाबेस. कोणी उचलल्याची नोंद लॉगमध्ये नाही, पण जूनमध्ये सात दिवसांची मर्यादा पाहून नाक मुरडलं होतं, ती वाढवायची मात्र मीही विसरलो होतो.

रात्री अध्यक्षांना, भाऊंना, फोन केला. भाऊ शांतपणे ऐकून म्हणाले, "सभासदांना सांगायला पाहिजे." दुसऱ्या दिवशी मी आणि बाईंनी मिळून पत्रक लिहिलं, काय बाहेर गेलं असू शकतं ते स्पष्ट. सगळ्यांचे पासवर्ड रद्द. डेटाबेसचा, मेलचा, होस्टिंगचा पासवर्डही बदलला. हे ७ जूनलाच करायचं होतं.

१० ऑगस्ट

नवा सर्व्हर, महिन्याला ६०० रुपये. साइटच्या सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं, फुकट, ९० दिवसांच्या मुदतीचं, ती संपण्याआधी आपोआप नवं होणारं. आधीचं होस्टिंग वर्षाला २,४०० होतं, समितीत फरकावर अर्धा तास चर्चा झाली. लॉग आता १८० दिवसांचे.

सगळ्या परीक्षा पुन्हा घेतल्या आणि पहिलीच नापास: मुखपृष्ठांच्या फोल्डरात हाताने ठेवलेली पीएचपी फाइल मजेत चालली. नवा सर्व्हर अपाचीचा नाही, एनजिनएक्सचा, आणि एनजिनएक्स एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही. १४ जूनचे माझे तीन तास त्याच्या लेखी नाहीतच. मनाईचा नियम त्याच्या भाषेत लिहिला.

आतापर्यंत साधारण १३० तास. भोकं बुजवायला त्यातले चाळीसही नसतील. बाकी बुजवताना मी जे मोडलं ते सांधण्यात गेले.

१६ ऑगस्ट, शनिवार

चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) नाट्यमंडळं संहिता मागायला येतात, त्याच्या आत उघडायचं होतं. उघडलं. पासवर्डसाठी दारात रांग.

दुपारी बाईंनी वहीतलं तांबडं वाक्य एका रेघेने खोडलं आणि एका जुन्या सभासदाचं नाव दुरुस्त केलं, वरच्या टिंबासकट. साठवलं गेलं. शोधात आलं. पावतीवर बरोबर आलं. मग त्यांनी सभासद-कार्डाचं लेबल छापलं. डि आणि सोझाच्या मधे अँडचं चिन्ह, हॅश, शून्य, तीन, नऊ, अर्धविराम.

लेबल पीडीएफमध्ये बनतं, एचटीएमएलमध्ये नाही, आणि तिथे मी एचटीएमएलचा नियम लावून ठेवला आहे.

"मागीर पळोवया (नंतर बघूया)," बाई म्हणाल्या, आणि लेबलवर पेनाने टिंब काढून कार्ड देऊन टाकलं. उद्या सकाळी दुरुस्त करतो.